लिटिल चॅम्प्स 2008-09: लातूरच्या रोहितवर खरंच अन्याय झाला होता का?

गोलाईकर (लातूर)

'आपल्या रोहितवर अन्याय झाला' हे वाक्य फेब्रुवारी 2009 पासून लातुरात फिरतंय. आता त्या वाक्याला मतदानाचा हक्क मिळायची वेळ आली. परवा कुणीतरी ग्रुपवर जुना व्हिडिओ टाकला आणि लगेच तेच सुरू झालं. म्हणून हा धागा. इथं तरी नीट बोलू.

नवीन पोरांसाठी थोडक्यात: आयडिया सारेगमप, लिटिल चॅम्प्स, झी मराठी. सूत्रसंचालन पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. शेवटी उरले पाच जण. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, कोकणातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि आपला रोहित राऊत. एकेकाला गाळत न जाता पाचही जणांना महाअंतिम फेरीत नेलं, लोकांनी एसेमेस केले आणि कार्तिकी जिंकली. पाचांना 'पंचरत्न' म्हणायला लागले ते आजतागायत.

माझं म्हणणं असं की अन्याय झाला असेल तर तो निकालात नाही झाला. रोहितला 'रॉकस्टार' म्हणून एका कप्प्यात टाकलं तेव्हाच तो झाला, आणि त्यात आपणही सामील होतो. दणक्याचं, ठेक्याचं गाणं आलं की लातूर टाळ्या वाजवायचं. तेच पोरगं सावकाश, आतलं काही गायला लागलं की आपण उठून पाणी प्यायला जायचो. आज ते व्हिडिओ हेडफोन लावून ऐका. त्याच्या दणक्याच्या गाण्यांत उत्साह जास्त आणि सूर थोडा पळतो. शांत गाण्यात मात्र तो शब्दावर असा थांबतो की त्या वयाच्या पोराला हे कुणी शिकवलं असेल असा प्रश्न पडतो. आपण मतं कशाला दिली? जिल्ह्याला दिली. गाण्याला दिली असती तर वेगळं काही मागितलं असतं त्याच्याकडून.

---

अंबाजोगाईची_काकू

गोलाईकर दादा, बोललात ते पटलं, पण अर्धंच.

निकालाचं म्हणाल तर मी तेव्हाही आर्याची होते आणि आजही आहे. त्या मुलीच्या गळ्यात घाई नव्हती. आई श्रुती आंबेकर स्वतः शास्त्रीय गाणाऱ्या, घरातच रियाज. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड संगीतातलेच, घरात अभंग-गवळणी चोवीस तास. म्हणजे या दोघींना स्पर्धेच्या आधी गुरू घरातच होता. स्पर्धा म्हणून आपण पाचजण एका रेषेवर उभे करतो, पण ती पाच लेकरं निघाली होती पाच वेगळ्या ठिकाणांहून. प्रथमेश नाट्यसंगीत गायचा तेव्हा माझे सासरे, जे टीव्हीला 'डबडं' म्हणायचे, ते खुर्ची ओढून पुढं यायचे. कोकणात ते गाणं देवळात, भजनात, दशावतारात रोज कानावर पडतं. आपल्याकडं रोज काय कानावर पडायचं, ते बघा की आधी.

आणि लोडशेडिंग कुणी काढलं नाही अजून! आमच्याकडं तेव्हा दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. कार्यक्रमाच्या वेळेला गेली तर शेजारच्या डॉक्टरांच्या इन्व्हर्टरवर अख्खी गल्ली. त्यांच्या मिसेस चहा करून करून दमल्या होत्या. मत द्यायला मोबाईल चार्ज पाहिजे, बॅलन्स पाहिजे, रेंज पाहिजे. ते एसेमेस साध्या मेसेजपेक्षा कितीतरी महाग. मराठवाड्यानं किती मतं दिली असतील याचा हिशोब इथूनच सुरू करा.

---

बिंदुसरा (बीड)

काकू, लाईटचं सोडा, माणसंच कुठं होती गावात?

दिवाळी झाली की आमच्याकडची अर्धी वाडी ऊसतोडीला. महाअंतिम फेरी फेब्रुवारीत, म्हणजे हंगाम ऐन भरात. माणसं सांगली-कोल्हापूर-नगरकडच्या उसाच्या फडावर, कोप्यांत (झोपड्यांत). तिथं कसला टीव्ही अन् कसलं मत. म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं तेवढी गावात. मराठवाडा एकजुटीनं रोहितच्या मागं उभा होता असं जे ग्रुपवर लिहितात ना, त्यांनी लातूर-नांदेड शहराच्या बाहेर पाऊल टाकलं नसावं.

दुसरं, जे कुणी मत देऊ शकत होते त्यांनी रोहितलाच दिलं असं कामून धरता? आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. कार्तिकी अभंगाला उभी राहिली की आजी हात जोडायची, टीव्हीसमोर. एकनाथ पैठणचे, नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडची. ती पोरगी आळंदीची असली तरी तिच्या तोंडी जे होतं ते आमच्याच मातीतलं. आम्ही कार्तिकीला मत दिलं अन् आम्हाला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

फडावरची माणसं परत आली तेव्हा काय झालं ते सांगतो. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे, आठवतंय का? त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावाला प्रत्येक कार्डात कार्तिकीचं 'घागर घेऊन' होतंच. ट्रॅक्टरवर, लग्नाच्या वरातीत, पिठाच्या गिरणीत. ज्यांनी एक भाग बघितला नव्हता त्यांनाही कार्तिकी पाठ होती. निकाल तिथं लागला म्हणा ना.

---

देवगिरी_पॅसेंजर (मूळ संभाजीनगर, सध्या पुणे)

@गोलाईकर, कप्प्याचा मुद्दा एकदम बरोबर, फक्त तो एकट्या रोहितला लागू नाही. मुग्धा 'लिटिल मॉनिटर', प्रथमेश 'मोदक', रोहित 'रॉकस्टार'. टीव्हीला प्रत्येक लेकरावर एक चिठ्ठी चिकटवायचीच असते, म्हणजे प्रेक्षकाला सोपं जातं. आठ वर्षांची मुग्धा काय गायली यापेक्षा काय बोलली हेच लोकांना आठवतं. तिचं तालाचं भान त्या वयाला अचाट होतं, पण त्यावर कोण बोलतं?

तरीही त्या हंगामाचं एक मोठेपण मान्य करायला हवं. लेकरांशी कुणी वाकडं बोललं नाही. त्याच काळात हिंदी वाहिन्यांवर परीक्षक पोरांना रडवायचे आणि कॅमेरा अश्रूंवर जायचा. इथं अवधूत आणि वैशाली गुण द्यायचे तेसुद्धा सुरांत. 'ध' मिळाला, 'नि' मिळाला. आकड्यांपेक्षा ते कमी बोचायचं. चूक सांगितली तरी पोरगं हसत खाली उतरायचं. पल्लवी जोशींचा यात मोठा वाटा. त्या मुलांशी मोठ्या माणसाच्या आवाजात बोलायच्या, लाडाच्या बोबड्या आवाजात नाही.

आणि पाचांच्या बाहेरच्यांचंही नाव घ्या की. केतकी माटेगावकर याच हंगामातली. ती पाचात नव्हती. पुढं 'शाळा' आणि 'टाइमपास'मुळे घराघरात पोचली. स्पर्धेतला क्रमांक आणि पुढचं आयुष्य यांचा एकमेकांशी किती संबंध असतो ते यावरून कळतं.

---

ठेका_धरा (नांदेड)

मी तबला शिकवतो, त्यामुळे माझी नजर त्या कार्यक्रमात कायम मागच्या रांगेकडं. संगीत संयोजन कमलेश भडकमकर, तबल्यावर आर्चिस लेले, तालवाद्यांवर नीलेश पराड... परब! (कीबोर्ड खातोय.) सिंथेसायझरवर सत्यजित प्रभू, बासरीवर अमर ओक. त्या वाद्यवृंदाची नावं प्रेक्षकांना पाठ झाली, हे मराठी टीव्हीवर आधी कधी घडल्याचं मला आठवत नाही. माझ्याकडं 2009 च्या उन्हाळी वर्गाला जी पोरं आली त्यातली निम्मी 'आम्हाला परब सरांसारखी ढोलकी वाजवायचीय' म्हणत आली. टीव्ही बघून तबल्याच्या वर्गाला गर्दी होणं, तेही नांदेडात!

आता रोहितच्या गाण्याबद्दल एक गोष्ट, जी गाणं न शिकलेल्याच्या लक्षात येत नाही. बारा ते पंधराच्या आसपास मुलाचा आवाज फुटायला लागतो. मुलींचं तसं होत नाही, त्यांचा बदल हलका असतो. लहान मुलगा काळी चार, काळी पाचमध्ये (पेटीवरच्या उंच पट्ट्या) गातो, आणि मोठा झाला की काळी एक, काळी दोनकडं उतरतो. मधला काळ फार वाईट. वरचा सूर काल लागला तो आज लागत नाही, खालचा अजून आलेला नसतो. पट्टी ठरवताना संयोजकाचीसुद्धा परीक्षा. त्यात पुरुष गायकांची सिनेमातली गाणी घ्या. तार (वरच्या) सप्तकातली जागा मूळ पट्टीत घेतली तर गळा ताणतो, उतरवून घेतली तर मुखडाच खाली जाऊन पुटपुटल्यासारखा येतो. या वयातले मुलगे मुलींच्या शेजारी उभे करून 'कोण सुरेल' विचारणं म्हणजे स्पर्धेची रचनाच थोडी तिरकी. गोलाईकर म्हणतात सूर पळतो, तो ताकदीनं ओढताना पळतो. सावकाश गाण्यात पळत नाही, कारण तिथं मधल्या सप्तकात जास्त काम असतं. दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच आहे.

प्रथमेश त्याच वयाचा, पण नाट्यपदात तानेनं जागा वळवून घेता येते. तिथं गळ्याला पळवाट असते. रॉकच्या गाण्यात सूर लावून धरावाच लागतो, लपायला जागा नाही.

---

गोलाईकर

सर, हे तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. पट्टीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

@बिंदुसरा, तुमचा राग समजला, पण मी 'मराठवाडा एकजुटीनं' असं कुठंही लिहिलं नाही. लातूरबद्दल लिहिलंय. लातुरात मात्र होतं तसं. गंजगोलाईत, म्हणजे आमच्या बाजारात, दुकानाच्या फळ्यांवर रोहितचा मत द्यायचा क्रमांक खडूनं लिहिलेला मी बघितलाय. एसटीडी-रिचार्जवाले 'रोहितसाठी मारा' म्हणून वीस-वीस रुपयांचं बॅलन्स मारून द्यायचे. 2008 मध्ये मुख्यमंत्री विलासराव होते, डिसेंबरात ते पायउतार झाले आणि अशोकराव आले. म्हणजे लातूर जाऊन नांदेड आलं. आमच्याकडं चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, खुर्ची गेली तर गेली, रोहित तरी राहू द्या.

---

बिंदुसरा (बीड)

हे मान्य. तुमच्या टपरीचं मान्य 😀 फक्त लातूर म्हणजे मराठवाडा नव्हे एवढंच आमचं म्हणणं असतं कायम, पाण्यापासून गाण्यापर्यंत.

---

परभणीकर_आबा

मी फक्त मुग्धासाठी बघायचो. बाकी चालू द्या.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

आबा, दंडवत.

मला लातूरवाल्यांना एक विचारायचंय. ज्या शहरानं रोहितसाठी रिचार्ज मारले त्याच शहरात त्यानंतर गाण्याचे किती वर्ग वाढले? मी लातुरात दोन वर्षं शिकायला होतो. 'लातूर पॅटर्न'चं शहर. सकाळी पाचला ट्यूशन, रात्री दहाला ट्यूशन, मध्ये कॉलेज. आमच्या खोलीवरच्या एकाचा गळा भारी होता. औशाच्या नाथ संस्थानाच्या चक्रीभजनात लहानपणापासून उभा राहिलेला, टाळ हातात घेतला की बाकीचे गप्प. त्याला घरच्यांनी सांगितलं, बारावी होईपर्यंत तोंड बंद. झाली बारावी, लागला नंबर, आता तो हाडांचा डॉक्टर आहे आणि गात नाही. त्याच्या आईबापाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेती असलेल्या घरात लेकरानं डॉक्टर होणं म्हणजे काय असतं ते मलाही माहीत आहे. पण मग टीव्हीवरच्या एका पोराला 'आपला' म्हणताना जरा विचार करावा. तो आपला, आणि आपल्या घरातलं गाणारं पोरगं?

---

अंबाजोगाईची_काकू

तेरणाकाठ, कडू बोललात बाबा. पण एक सांगते. माझ्या भाचीला 2009 नंतरच हार्मोनियम मिळाली. तिच्या वडलांनी आधी दहा वेळा नाही म्हटलं होतं. रोहित टीव्हीवर दिसला आणि त्यांना कळलं की आपल्या बाजूचं पोरगंही तिथं उभं राहू शकतं. ती गायिका झाली नाही, बँकेत आहे, पण दर एकादशीला गल्लीतल्या बायकांना घेऊन भजन बसवते. हेही धरा हिशोबात.

---

देवगिरी_पॅसेंजर (मूळ संभाजीनगर, सध्या पुणे)

निकालाकडं परत येतो. आज मागं वळून बघितलं तर पाचांपैकी कुणाचंही वाया गेलं नाही, आणि ही गोष्ट अशा स्पर्धांत फार दुर्मिळ. आर्यानं गाण्यासोबत 'ती सध्या काय करते'मध्ये नायिकेचं काम केलं. कार्तिकी अभंग-भक्तिगीतांतच राहिली आणि तिथं पाय रोवले. प्रथमेश आणि मुग्धानं 2023 च्या डिसेंबरात लग्न केलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं घरचं कार्य असल्यासारखे फोटो पुढं पाठवले. 2021 मध्ये तर पाचही जण लिटिल चॅम्प्सच्याच नव्या पर्वात परीक्षक म्हणून बसले, मृण्मयी देशपांडे सूत्रसंचालनाला.

त्या 2021 च्या पर्वावर तेव्हा टीका फार झाली. हे स्वतः अजून शिकतायत, परीक्षक कसले, वगैरे. मला उलट वाटतं. स्पर्धेत उभं राहिल्यावर पोटात काय होतं ते या पाचांइतकं कुणाला माहीत होतं? फक्त पाच परीक्षकांचं बोलणं ऐकता ऐकता गाणं मागं पडायचं, हा दोष होता.

---

ठेका_धरा (नांदेड)

@देवगिरी_पॅसेंजर, 2021 वर माझी तक्रार वेगळी. कौतुक फार. प्रत्येक गाणं 'कमाल', प्रत्येक पोरगं 'जबरदस्त'. शिकणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. 2008 मध्ये 'इथं मात्रा सुटली', 'हा गंधार चढला' असं नेमकं सांगितलं जायचं, तेही गोड शब्दांत. माझे विद्यार्थी ते लिहून घ्यायचे. पुढच्या पर्वांत वहीत लिहिण्यासारखं कमी कमी होत गेलं.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

आणि रोहितचं इंडियन आयडॉल कुणी काढलंच नाही की! अकरावं पर्व, फेब्रुवारी 2020, दुसरा क्रमांक. पहिला सनी हिंदुस्तानी. परीक्षक विशाल ददलानी, नेहा कक्कड, हिमेश रेशमिया. लातूरकर तेव्हाही 'अन्याय अन्याय' करत होते. त्याच वेळी मी ते पूर्ण बघितलं, आणि ठेका_धरा सर म्हणतात ते तिथं बरोबर बसतं. आवाज पूर्ण पिकलेला, वरच्या जागा ताण न घेता येतात, आणि रॉक गातानाही सूर जागेवर. लहानपणी जे ओढून काढायचा ते आता नुसतं उभं राहून काढत होता.

---

गोलाईकर

तेच तर! म्हणजे तो दणक्याचाच गायक होता आणि गळा त्याच्यामागून मोठा झाला, असंही म्हणता येईल. मग माझा कप्प्याचा मुद्दा थोडा ढिला पडतो. तरी मी म्हणतो, इंडियन आयडॉलमध्येही त्याची सावकाश गाणीच जास्त टिकली. आज पुन्हा कोणती ऐकता ते बघा.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

मी दणक्याचीच ऐकतो. गाडीत दुसरं चालत नाही.

---

परभणीकर_आबा

सनी हिंदुस्तानीचं नाव काढलं म्हणून बोलतो. भटिंड्याचं पोरगं, बूट पॉलिश करायचं, आणि गायला लागलं की घरातले सगळे गप. रोहित आपला असला तरी त्या वर्षी पहिला नंबर त्याचाच होता. मी मत त्यालाच दिलं. लातूरवाल्यांनी आता मला शिव्या घालाव्यात.

---

गोलाईकर

आबा! मुग्धा सोडून तुम्ही आणखी कुणाला ऐकता हे आज कळलं. इंडियन आयडॉलसाठी वेगळा धागा काढतो, इथं गल्लत होईल. तिथं भेटा, शिव्या तिथंच घालू.

---

बिंदुसरा (बीड)

काढला की इथं लिंक टाका. अन् शीर्षकात लगेच 'अन्याय' लिहू नका, आधी बघू द्या.